ओवाळणाऱ्या मुली

गुलाबपाण्याचा वास आला की वडवणीजवळच्या शाळेतला दहावीचा वर्ग आठवतो. मी वर्णभेद शिकवत होते. "कातडीवरून माणसाची किंमत ठरवायची का?" "न्हाई बाई!" सगळा वर्ग ओरडला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची काळीसावळी मुलगी उठली. "मग उद्या पाहुण्यांना ओवाळायला मला कावून न्हाई घेतलं? सगळ्या गोऱ्याच घेतल्यात." मागून एकजण म्हणाला, "तू फोटोत दिसायची न्हाईस गं!" वर्ग हसला. मुली मीच निवडल्या होत्या. "तू पडद्यामागून स्वागतगीत म्हण," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोऱ्या मुलींनी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडलं, ओवाळलं; ती आलीच नाही. सहामाहीत वर्णभेदाचा प्रश्न तिनं कोरा सोडला. बाकीच्यांनी सुरेख लिहिला. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. आजही देते.