स्पूलरमध्ये अडकलेला जिल्हा

अन्याय झाला तो उदगीरच्या एका सेतू केंद्रात संगणक चालवणाऱ्या ताईवर. दुष्काळाच्या साली, मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता. करणारा मी.

आमच्या गावच्या सरपंच मावशी टँकरचा ठराव घेऊन आल्या होत्या. तहसिलात एक वाजता बैठक. त्याआधी ठराव ऑनलाइन चढला नाही, तर टँकर गेला पुढच्या मंगळवारवर. आणि संगणक हलेना. आतला पंखा तेवढा पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता.

मी तेव्हा नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं लिहायचो, त्यामुळे बोलणंही पत्रकासारखंच. सगळ्या रांगेसमोर ताईवर गरजलो, "ही दिरंगाई नाही, कट आहे! तहानलेल्या जनतेची क्रूर थट्टा!"

"भाऊ, जरा दम धरा," ताई म्हणाली. "कोण खाऊन राहिलंय ते बघू तर द्या."

तिनं टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात चालू असलेल्या कामांची यादी, उघडली आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं. म्हणजे प्रोसेसर खाणाऱ्यांत सगळ्यात खादाड तो वर येतो.

"अपडेट असंल," मी म्हणालो. "परदेशी कंपन्यांची मुजोरी!"

अपडेट तळाशी गपगार पडलं होतं.

"मग अँटिव्हायरस!"

तोही नव्हता. सगळ्यात वर एकच नाव होतं, प्रिंट स्पूलर. छापायच्या कामांची रांग सांभाळणारी सेवा. जवळजवळ सगळा प्रोसेसर तिनंच अडवला होता.

ताईनं ती रांग उघडली. एकाखाली एक, सतरा वेळा: 'जिल्हा झालाच पाहिजे'.

आदल्या संध्याकाळी याच केंद्रात पत्रक छापायला आलो तेव्हा, आमच्या भोंग्याची बॅटरी चार्जिंगला लावायला प्रिंटरची पिन मीच काढली होती. मग पत्रक छापायला दिलं. निघेना, म्हणून पुन्हा दिलं. आम्हा चळवळवाल्यांची खोडच ती. मागणी मान्य होईना की तीच मागणी आणखी जोरात.

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "लेकरा, जिल्हा व्हईल तवा व्हईल. आधी आमच्या घागरीला वाट दे की!"

ताईनं सेवा थांबवली, रांग पुसली, सेवा पुन्हा चालू केली. पंखा शांत झाला. पावणेएकला ठराव चढला.

माफी मी मागितली ती बाहेर, चपला घालताना, हळू आवाजात. आरोप मात्र भोंग्याच्या गळ्यानं केला होता. म्हणून आज छापून सांगतो, चूक माझी होती.

आणि तुम्ही, हे वाचणारे, कुठल्या संगणकवाल्या ताईवर चारचौघांत ओरडला असाल, तर आजच जा. माफी चारचौघांतच मागा. आणि निघताना तिच्या प्रिंटरची पिन लावून या.