आत्याची बुटकी गाडी

आमची आत्या चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढायची. माणसाला टेबलावर झोपवायचं, "श्वास घ्या, रोखा, हलू नका" म्हणायचं आणि भिंतीआड जाऊन बटण दाबायचं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "आतून बघून झालंय ना सगळ्यांना."

तिच्या हातून उधळपट्टी म्हणावी अशी एकच गोष्ट झाली. तिशीत असताना तिने इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांकडून एक जुनी, लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. छत मागे दुमडायचं, आणि गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसणं. दर रविवारी सकाळी आत्या डोक्याला रुमाल बांधून एकटीच निघायची आणि तासाभराने लाल गाल घेऊन परत यायची.

मग आजीचा खुबा मोडला. तिला त्या गाडीत बसवायला दोन माणसं लागायची आणि उठवायला चार. शेवटी आत्याने एक उंच, करडी, शहाणी गाडी घेतली आणि लाल गाडी आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभरासाठी म्हणून ठेवली. तो महिना तेवीस वर्षं चालला.

यात आत्याची चालढकल होतीच, पण माझ्या बाबांचा हातभारही कमी नव्हता. बाबा तिचे थोरले भाऊ, शाळेत गणिताचे मास्तर. वर्षातून एकदा आत्या शेडच्या दारात उभी राहून "दादा, आता काढू या हिला" म्हणायची. बाबांचं उत्तर तयार असायचं, "पुढच्या महिन्यात बघू, छोटी. सध्या पेपर तपासायचेत." आणि दर वर्षी गाडीवर एखादी वस्तू वाढायची. आधी ताडपत्री, मग मोडक्या पलंगाच्या फळ्या, मग माझी सायकल, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, शेवटी एक बंद पडलेलं शिवणयंत्र. आई म्हणायची, "अहो, बाजूला एवढी जागा मोकळी आहे, सगळं त्या गाडीच्याच डोक्यावर का?" बाबा म्हणायचे, "गाडीला ऊब राहते."

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच सोमवारी आत्या रबरी हातमोजे घालून दारात हजर झाली. सोबत पंपवाले होते. पाण्याचे पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मोटारीशी त्यांचा दुरूनच नमस्कार. पण तीन गॅरेजवाल्यांनी "भंगारात द्या" म्हटल्यावर हे एकटेच "बघू" म्हणाले होते. ते कशालाही बघूच म्हणत.

"छोटी, आपलं वय काय, आपण करतोय काय," बाबा आडवे आले.

"माझं एकसष्ट, तुझं सहासष्ट. सरक."

गाडीवरचा संसार उतरवायला दोन दिवस गेले. ताडपत्री ओढली तेव्हा लाल रंग पार विटकरी झालेला होता. बैठकीत उंदरांच्या चार पिढ्या सुखाने नांदून गेल्या होत्या. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. इंजिन हाताने फिरवून पाहिलं, तर तसूभर हलेना. पंपवाल्यांनी प्लग काढायला घेतले.

"हा तिसरा नुसता बोटांनी फिरवून ठेवलाय," ते म्हणाले. "याला पाना लागलेलाच नाही."

"मी तर कधी उघडला नाही," आत्या म्हणाली.

"मी जरा चहाचं बघतो," असं म्हणून बाबा आत गेले. आमच्या घरात बाबांनी त्याआधी कधी चहाचं बघितलेलं नव्हतं.

इंजिनात तेल सोडून आठ दिवस वाट पाहिली, तरी ते ढिम्म. मग पंपवाल्यांनी वरचं झाकणच उतरवलं. तीन पिस्टन काळे होते, ठीक होते. उरलेल्या एकाच्या, म्हणजे त्या सैल प्लगखालच्याच्या, कडेला गंज धरला होता आणि माथ्यावर पांढरा लगदा वाळून बसला होता.

"इंजिनात चुना?" पंपवाल्यांच्या तोंडून या वेळी बघूसुद्धा निघालं नाही.

आत्याने टॉर्च जवळ नेला. छातीतला मुगाएवढा डाग हुडकणारी नजर ती. तिने चिमट्याने एक तुकडा उचलला. तो एका बाजूने अजून गोल होता. ती उजेडात गेली आणि तिने त्या तुकड्याने शेडच्या दारावर एक रेघ ओढली. पांढरी, सरळ रेघ उमटली.

"दादा," तिने हाक मारली. "जरा इकडे ये."

बाबा आले, रेघेकडे पाहिलं आणि परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे उभे राहिले.

हकीकत अशी निघाली. एकवीस वर्षांपूर्वी, आत्याच्या वाढदिवसाला गाडी सुरू करून तिच्या दारात न्यायची, असं बाबांच्या मनात आलं. प्लग साफ करावेत असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तिसरा प्लग काढून ते आत डोकवायला वाकले आणि शर्टाच्या खिशातला खडू नेमका त्या भोकात गेला. त्यांनी सुतळी घालून पाहिली, विणायची सुई घालून पाहिली. शेवटी पाना न लावता, नुसत्या बोटांनीच प्लग कसाबसा बसवला आणि बॉनेट मिटलं. त्यानंतर ते कुणी उघडू नये एवढीच काळजी त्यांनी घेतली.

"पलंगाच्या फळ्या त्यासाठी?" आईने विचारलं.

बाबांनी मान हलवली.

"आणि शिवणयंत्र?"

"तेही."

"खडूने काहीच बिघडलं नाही," पंपवाले म्हणाले. "प्लग सैल राहिला, त्यातून ओल गेली. घासून निघेल."

बाबा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. आत्या म्हणाली, "आणि मला वाटायचं, मीच आळशी." तिने त्यांच्या हातात पॉलिश पेपर ठेवला.

पुढचे आठ महिने बाबा गंज घासत होते. संध्याकाळी आत्या यायची आणि राहिलेल्या जागांभोवती लाल पेन्सिलीने गोल करून जायची. "पुन्हा कर," एवढाच शेरा. बाबांचे जुने विद्यार्थी मागच्या रस्त्यावरून जाताना हे दृश्य पाहायला मुद्दाम थांबत. दरम्यान ब्रेकचे रबर, नळ्या, टायर, सगळं नवं आलं. क्लचची प्लेट आत चिकटून बसली होती. पंपवाल्यांनी पलंगाची फळी कापून क्लचचं पेडल दाबलेलं ठेवलं. चौथ्या दिवशी आम्ही चहा पीत असताना शेडमधून प्लेट सुटल्याचा टक् असा आवाज आला आणि पंपवाले कप खाली न ठेवताच धावले. गाडी सुरू झाली ती आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर काळा धूर सोडून. आई म्हणाली, "वन्सं, अभिनंदन. आता चादरी धुवा."

पहिल्या फेरीला आत्याने बाबांना शेजारी बसवलं. बसणं कसलं, आम्ही त्यांना घडी घालून आत ठेवलं. वेगाबद्दल दोघांचं आजही एकमत नाही. बाबा ऐंशी सांगतात, आत्या पंचेचाळीस. ट्रकची चाकं मात्र कानाच्या उंचीला होती, यावर दोघं ठाम आहेत. पेट्रोलचा काटा चालत नव्हता, म्हणून किती लागेल याचं गणित बाबांनी मांडलं होतं. गाडी गावाबाहेर तेरा किलोमीटरवर थांबली.

आत्याने पंपवाल्यांना फोन केला आणि दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले.

"त्या वाढदिवसाला सुरू झाली असती, तर काय करणार होतास?" तिने विचारलं.

"म्हणणार होतो, मला एकदा फिरवून आण." बाबा बुटांकडे बघत होते. "इतके रविवार गेलीस. कधी विचारलं नाहीस."

"तू कधी म्हणाला नाहीस."

"मोठ्या भावाने काय म्हणायचं?"

आत्याने डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि त्यांच्या टकलावर बांधून दिला. ऊन चढलं होतं. अर्ध्या तासाने पंपवाले कॅन घेऊन स्कूटरवरून आले. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि टाकीचं झाकण उघडलं.

आता दर रविवारी बाबा सात वाजताच फाटकाशी उभे असतात. गाडी मीही चालवीन, असं त्यांनी मध्ये एकदा सुचवून पाहिलं. आत्या म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू."