ढगे सर आणि बांधावरचं बीळ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे एका प्राध्यापकावर मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ढगे सर परभणीत आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. माणसांबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी कधी ऐकला नाही. वर्गात पोरं पंख्याखालच्या जागेसाठी भांडली की म्हणायचे, "उंदराकडून शिका. बाहेर रान तापलं की तो बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत गारव्याला पडून राहतो. तुमी दारं सताड उघडी टाकून भांडायलाव!" कुणाच्या नव्या बंगल्याचं कौतुक निघालं की नाक मुरडायचे. "उंदीर अंगापुरतंच बीळ खोदतो. माती उकरायला लय ताकद लागती, हे त्याला कळतं. याला न्हाई."

माझ्या गावी, राणीसावरगावला, आमच्या शेताच्या बांधावरच्या एका बिळात त्यांनी उन्हाळ्यापासून तापमापकाच्या तारा सोडल्या होत्या. थंडीत उंदीर एकमेकांना बिलगून किती ऊब धरतात, एवढंच मोजायचं राहिलं होतं. त्यांच्या प्रबंधाची वाढवून मिळालेली मुदत त्या हिवाळ्यापुरतीच होती.

येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या अमावास्येला, मी त्यांना बोलावलं. "खाऊन सुस्त पडायचा सण," म्हणाले, पण आले.

बाबा हरखून पुढे झाले. "सर, सणाच्या दिवशी तुमाला कशाला तरास? तुमचं काम आमीच उरकून टाकलं. बिळं खणली, उंदीर खलास! तारा तेवढ्या जपून कोपीत, छपराखाली ठेवल्यात."

बिळात वाकून बघणारा माणूस उंदीर मारायलाच येतो, असं बाबा समजून चालले होते. आता बाबांची खरडपट्टी निघणार!

सर सपाट झालेल्या बांधाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय मेहनत घेतली, दादा." आणि जेवायला बसून त्यांनी आंबील दोनदा मागून घेतली.

एसटीत चढताना माझा दंड धरून पुटपुटले, "बापापुढं तोंड उघडलंस तर याद राख."

प्रबंध राहिला. "उंदरांनी ढग्याची पदवी कुरतडली," असं म्हणत बाकीच्या प्राध्यापकांनी चहा ढोसला. त्यांच्या पदव्या कशा झाल्या, ते न बोललेलंच बरं. मी पुढं शिकायला नांदेडला आलो.

गेल्या आठवड्यात परभणीच्या प्रयोगशाळेतले शिपाई पठाणमामा यांचा फोन आला. सर गेले होते. मामा म्हणाले, "संशोधन का सोडलं म्हणून लय जणांनी इचारलं. शेवटपर्यंत एकच सांगायचे, 'उंदरांनी घर बदललं. माझा शेजार त्यांनाबी सोसला न्हाई.'"