जीपमधल्या फळीचं माप

ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला की नव्वदच्या दशकातली मेढ्याची एक दुपार अंगावर येते. डोंगरातल्या वाड्यांना दवाखाना द्या, या मागणीची पत्रकं न्यायला आम्ही मागून आणलेल्या जीपमध्ये फळ्यांची मांडणी ठोकत होतो. तात्या सुतार म्हणाले, "फळीवर आडवा हो रं." आणि त्यांनी माझ्या डोक्याशी, टाचेशी खडूनं खुणा केल्या.

"आवं तात्या, पत्रकं एवढी लांब न्हाईत!"

"डोंगरावरनं जीप रिकामी कवा येती, गड्या?"

अशुभ बोलतात म्हणून मी चिडलो. आज चीड येते, ती त्यांचं माप बरोबर होतं याची.

पडल्यापडल्या वर पाहिलं. ताडपत्रीला आतून पाच बोटांचे मातकट ठसे होते.

"हे कुणाचे?"

"बाळंतिणीचे. साताऱ्याच्या वेशीपतुर हात हलत हुता तिचा."