बापू वानखेडेचा हिवाळा

बापू वानखेडेला मी कानटोपीशिवाय कधी पाहिलं नाही. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये, उन्हाळ्यातसुद्धा तो कानटोपी घालून बाहेर बाकावर ऊन खात बसायचा. आत लोक एसी लावून स्वेटर घालायचे. "अबे पाटील," तो म्हणायचा, "या लोकायले ऊन फुकट भेटते तं नको, अन थंडी विकत घेऊन राहिले!" माणूस नागपूरचा. आपल्या हाडांत नागपूरचा मे महिना भरलाय आणि तो सांडू द्यायचा नाही, अशा बेताने वागायचा.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण उभा जन्म कराडजवळ वीटभट्टीवर गेला, तेव्हा उष्णतेचं मला कुणी शिकवू नये. बंद घरात वीट भाजावी, माणूस नव्हे. म्हणून जानेवारीतही माझी खिडकी वीतभर उघडी. बापूचं घर समोर, आणि दोन्ही घरांना मिळून एकच थर्मोस्टॅट, मधल्या पॅसेजात. हीटिंग भाड्यातच धरलेलं. त्यामुळे दोघांचीही मतं फार ठाम होती.

तो आकडा वर न्यायचा, मी खाली आणायचो. शेवटी मॅनेजर मेगन वैतागली. तिने आकडा मध्यावर ठेवला आणि वर प्लास्टिकची पेटी बसवून कुलूप घातलं. दोघांनाही सुख नाही, म्हणजे न्याय झाला.

बापू म्हणाला, "ऊब मागाची नसते बे, करून घ्याची असते." त्याने फ्रीझरमधली मटारची पिशवी आणून त्या पेटीवर ठेवली. थर्मोस्टॅटला वाटलं, घरात हिमालय शिरला. हीटर जीव खाऊन चालू झाला. माझं घर तापलं, मी दुसरीही खिडकी उघडली. त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून डब्लिनचं आकाश गरम केलं.

मेगनने बापूला पकडलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागेल. बापू हादरला. घर सुटलं तर फ्रीमाँटला मुलाकडे जायचं, आणि तिथल्या घराचं तापमान मुलगा ऑफिसात बसून फोनवर ठरवायचा. "राहून आलो ना मी तिथं," बापू म्हणाला. "थंडी माझ्या अंगात, अन बटन त्याच्या खिशात! मेलो तरी नाही जात."

आणि त्याच आठवड्यात पेटीवर पुन्हा मटार.

मी दारातच उभा होतो. मेगनने पिशवी उचलली आणि बापूच्या दाराकडे वळली. फटीतून कानटोपी तेवढी दिसत होती.

"ते मटार माझे आहेत," मी म्हणालो.

"तुमचे? तुमच्या तर खिडक्या उघड्या असतात!"

"म्हणूनच थंडी वाजते."

माझ्या इंग्रजीतही तिला हे कळलं असावं, कारण तिने ती पिशवी माझ्या हातात कोंबली. ताकीद मला मिळाली. मेगनने कळवल्यावर माझ्या मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्ही पण ना!" बापूने मात्र आभाराचा शब्द काढला नाही. म्हणाला, "मटार तं वापस आण बे. भातात घालाचे आहेत."

पुढे मालकाने घरोघरी वेगळे थर्मोस्टॅट बसवले. हिवाळा लागताच बापूने आपला आकडा मनासारखा चढवला, आणि संध्याकाळी माझ्या गारठलेल्या घरात येऊन बसला.

"काय रे, तिकडे ऊब कमी पडली?"

"ऊब आहे बे. पण आकडा खाली कराले कोणीच येत नाही."

मार्चमध्ये तो गेला. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत. मुलगा फ्रीमाँटहून आला. चेहऱ्यावरून शहाणा, डोळे सुजलेले. मी त्याला दार उघडून दिलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. त्याने घाम पुसला आणि सवयीने हात थर्मोस्टॅटकडे नेला.

"काका, रिकाम्या घरात हीटर ऑन आहे. किती वेस्ट!"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "तेरावं होईपर्यंत घर रिकामं नसतं."