बल्ब लुकलुकेपर्यंत

प्रयागबाईचं घर रिठदच्या शिवारात, शेतातच. घरातला बल्ब आणि लांबच्या विहिरीवरची मोटर एकाच लायनीवर. नवऱ्यानं, जगदेवनं, तिकडं मोटर चालू केली की इकडं बल्ब क्षणभर मंद होऊन लुकलुके. विहिरीवर फोनला रेंज नाही. माणूस सुखरूप असल्याची तेवढीच खबर. मागल्या साली स्टार्टरनं त्याला झटका देऊन फेकलं होतं. तेव्हापासून बल्ब लुकलुकल्याशिवाय ती भाकरीला हात लावत नसे.

आज जगदेव विहिरीवर गेलेला, लाईट येऊनही बराच वेळ झाला, तरी बल्ब मख्खासारखा जळत होता. त्याच्या उजेडात लेक वर्षाराणी बारावीचं इंग्रजी घोकत होती.

"माय, फ्लिकर म्हंजे दिव्यानं लुकलुकनं."

"मंग हा मेला काहून लुकलुकून नाई राह्यला?"

वर्षाराणीनं वहीत वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "द बल्ब फ्लिकर्ड. म्हंजे, बल्ब लुकलुकला."

"खोटं कायले लिहून राह्यली वं? खोड पयले ते!" प्रयागबाई कडाडली.

पोरीनं वाक्य खोडलं. मग दोघी मायलेकी वर बघत बसल्या. चुलीवर तवा उगाच तापत होता.

एकाएकी उजेड खाली गेला, थरथरला, परत वर आला.

प्रयागबाईनं डोळ्याला पदर लावला आणि पिठाची परात पुढं ओढली.

"आता लिह्य," ती म्हणाली.