पेंटरचे बासष्ट खून

आमच्या पेंटरनी नऊ वर्षांत बासष्ट खून केले. माणसं मात्र एकसष्टच मारली. हा एकाचा फरक कुठून आला ते पुढं सांगतो. आकडा चुकलेला नाही. सतरा कोयत्यानं, अकरा पाण्यात बुडवून, नऊ दोरीनं, आणि उरलेले पंचवीस अशा तऱ्हांनी, की त्या सांगायला लागलं की समोरचा हातातला चहा खाली ठेवतो. एकाला कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात घातलं होतं. अख्खं पान पांढऱ्या रुईचं, आणि मध्ये बोटभर रुंदीचा लाल पट्टा. त्या पानासाठी पेंटरनी लाल रंगाची अख्खी बाटली संपवली होती.

हे सगळं कागदावर. पेंटर म्हणजे सोनपेठचे पाट्या रंगवणारे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. मग गावात फ्लेक्स आला आणि पेंटरचे ब्रश डब्यात वाळायला लागले. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी चित्रकलेच्या वहीत चौकटी आखल्या आणि एक महानायक काढला. त्याचं नाव वीजराज. येलदरीच्या वीजघरात शॉक बसून त्याच्या अंगात शक्ती आली होती. भारनियमन सुरू झालं की ती जायची. आमच्या भागातला महानायक याहून वेगळा कसा असणार?

आणि त्या भारनियमनाच्या वेळात खून करणारा एक खलनायक काढला. पेंटरनी त्याचं नाव कालकेतू ठेवलं होतं, पण गावानं ते वापरलं नाही. गाव त्याला बैठक्या म्हणायचं. कारण तो माणूस मारला की त्याला मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे अर्धे मिटून बसवून जायचा. गळा कापलेला असो की आतडी बाहेर आलेली असोत, शेवटच्या चौकटीत मयत नीट बसलेलं. त्याचा पहिला बळी एक फ्लेक्सवाला होता. त्याला त्याच्याच फ्लेक्सच्या गुंडाळीत आवळून मारलं, आणि मग वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बॅनरखाली बसवलं.

वही पूर्ण झाली की पेंटर ती गणपतच्या सलूनमध्ये आरशाशेजारी सुतळीला टांगायचे. बाजाराच्या दिवशी नंबर लागायचे, ते दाढीला कमी आणि वहीला जास्त. लोकांना त्यात आपले चेहरे सापडायला लागले, कारण पेंटरना मनातून चेहरा काढता यायचा नाही. कोणीतरी डोळ्यांसमोर लागायचं. पहिल्यांदा लोक चिडले. नंतर उलटं झालं. ज्याला मारलं नाही तो रुसायला लागला.

"पेंटर, त्या किराणावाल्याला दोन पानं दिलाव तुमी. मला कवा मारायलाव?" आडतीवरचा एक हमाल भर रस्त्यात विचारायचा.

"तुझी मान लय जाड हाय रे. कोयता दुसरा काढावा लागंल," पेंटर म्हणायचे. "दम धर."

तीन महिन्यांनी त्याला मारला. मान एका घावात तुटली नाही, तीन चौकटी लागल्या. हमालानं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि सासुरवाडीला पाठवला.

यात मी शिरलो तो माझ्या सवयीमुळं. मी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारा कारकून. एके दिवशी दाढीला बसलो असताना अकरावी वही चाळली आणि मला चूक दिसली. पेडगावचा एक धान्यव्यापारी चौथ्या वहीत विहिरीत मेलेला होता. तोच अकराव्या वहीत पुन्हा फासावर लटकत होता. मी सरळ पेंटरच्या घरी गेलो.

"पेंटर, हा माणूस तुम्ही दोनदा मारलाय."

पेंटरनी चष्मा वर करून दोन्ही पानं पाहिली. "पयल्या बारीला नीट मेला नसंल," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "कारकून, मला ध्यानात राहत न्हाई. तुमी लिहून ठेवत जावा की."

त्या दिवसापासून मी वही घातली. अनुक्रम, मयताचं नाव, वय, ठिकाण, मरणाचं कारण, मारणारा. शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'बैठक्या' लिहिलं आणि खाली 'सदर, सदर' असं लिहीत गेलो. पेडगावचा व्यापारी दोन ओळींत आहे. खून बासष्ट आणि माणसं एकसष्ट, ते असं.

बैठक्याच्या जन्माची नोंद मात्र मला कधीच करता आली नाही. तिसऱ्या वहीत तो जिनिंगमधला मजूर होता, पट्ट्यात हात गेलेला. सातव्या वहीत गोदावरीवरचा नावाडी झाला, ज्याची बायको-मुलं त्याच्याच नावेतून बुडाली. बाराव्यात तो बाजारात सापडलेलं बेवारस पोर होता. मी तिन्ही पानांवर खुणेचे कागद घालून पेंटरपुढं ठेवले आणि यातला खरा इतिहास कोणता, असं विचारलं.

"तीनी खोटे," पेंटर म्हणाले. "खुनी हाय तो. तुमाला खरं कशाला सांगंल? लोकायला कारण लागतं म्हणून कारण सांगायलाय. कारण ऐकलं की लोक म्हणतेत, बिचारा."

"आणि खरं कारण?"

"त्याला मारायला आवडतंय."

असं म्हणून त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं. एवढ्या मऊ स्वभावाच्या माणसाला हे कुठून कळलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

बसवण्यावरून एकदा भांडण झालं. पेंटर वीरशैव. त्यांच्या समाजात मयताला आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच पुरतात. समाजातले एक वयस्कर अप्पा सलूनमध्ये आले, सुतळीची वही खाली ओढली आणि सगळ्यांसमोर पेंटरना बोलले. "आपल्यात माणसाला बसवतेत ते मान म्हणून. तू त्या हलकटाच्या हातून बसवायलास? लाज न्हाई वाटत?"

आम्हाला वाटत होतं की बसवणं हा बैठक्याचा क्रूरपणा आहे, मेलेल्याची थट्टा आहे. गणपतचा वस्तरा थांबला. पेंटर उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही.

"अप्पा, मारतोय तो. बसवतोय मी. कसंबी मरू दे, माणूस आडवातिडवा टाकून मला पान उलटता येत न्हाई."

अप्पांनी वही परत सुतळीला अडकवली. जाताना एवढंच म्हणाले, "मग कपाळाला भस्म तरी लाव." पुढच्या वहीपासून पेंटरनी ते लावलं.

मीही एकदा मला मारायची विनंती केली होती. वय, ठिकाण, कारण, सगळं लिहून नेलं होतं. पेंटर कागद वाचून हसले. "तुमाला मारल्यावर नोंद कोन करंल? जिवंत राहावा, कारकून."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं परभणीला डायलिसिस. डाव्या हाताची शीर सुयांसाठी तयार केलेली, ती मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंडासारखी फुगली. उजवा हात कापायला लागला. रेषा वाकड्या यायला लागल्या, आणि पेंटर पहिल्यांदा घाबरले. मरणाला नाही.

"कारकून, ह्याला माझ्या आदी मारायला पाहिजे," ते एका दुपारी बैठक्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले. "मी गेलो अन् ह्यो राहिला, तर मोकळा सुटला बघा. मग ह्याला अडवणारा कोनी न्हाई. अन् ह्यानं मारलेल्याला बसवणाराबी कोनी न्हाई."

"तो वहीतला आहे, पेंटर."

"वहीतच हाय. म्हणून तर मलाच करावं लागंल."

पण बैठक्या मरेना. अठराव्या वहीत वीजराजनं त्याला धरणाच्या दारात चिरडला. चार पानांनी तो गाळातून वर आला आणि कोळ्याचं जाळं फाडून निघून गेला. एकोणिसाव्यात त्याला तारेवर जाळला. राखेतून हात आला. विसाव्यातही तेच. पेंटर कपाळाला हात लावून म्हणायचे, "मी मारायला बसतो, अन् हात त्याला वाचवायलाय. नऊ वर्सं हातानं त्याचंच ऐकलंय." मी मृत्यूची नोंद शिसपेन्सिलीनं करायचो आणि पुढच्या आठवड्यात खोडायचो. तीनदा खोडली. कागद तिथं पातळ झाला आहे.

एकविसावी वही सलूनमध्ये आलीच नाही. पेंटर गेले.

मी पोचलो तेव्हा त्यांना बसवलं होतं. आंघोळ घातलेली, कपाळाला भस्म, डोळे अर्धे मिटलेले, पाठ ताठ. आमच्यात माणसाला आडवं नेतात. बसलेलं मयत मी प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होतो. तरी मला ते ओळखीचं होतं. बासष्ट वेळा पाहिलेलं होतं. हमाल दाराशी उभा राहून मोठ्यानं रडत होता. ज्याची मान तीन चौकटींत तोडली होती, तोच.

माती झाल्यावर काकूंनी, पेंटरच्या बायकोनं, मला बाजूला बोलावून एकविसावी वही दिली. "तुमाला द्या म्हणले होते."

तिची दोनच पानं भरलेली होती. पहिल्या पानावर वीज गेलेली. वीजराज पालथा पडलेला, त्याच्या पाठीवर बैठक्याचा पाय, हातात कोयता वर. दुसऱ्या पानावर वीजराज नाही. चौकटीच्या कडेतून एक हात आत आला आहे आणि त्यानं बैठक्याचा गळा धरला आहे. पुढच्या चौकटीत डोळे बाहेर. त्याच्या पुढच्या चौकटीत जीभ बाहेर, नखं त्या हातात रुतलेली, रक्त मनगटावरून खाली. हात डावा आहे. मनगटापासून कोपरापर्यंत फुगलेली शीर आहे. सगळ्या रेषा थरथरलेल्या, पण पकड कुठंच सुटलेली नाही.

शेवटच्या चौकटीत बैठक्या बसलेला आहे. मांडी घालून, पाठ ताठ, कपाळाला भस्म.

"काकू, हे कधी काढलं?" मी विचारलं. मला तारीख लागते.

"परवा. डायलिसिसला जाताना, एसटीत. गाडी हालायली होती तरी काढायलेच. म्हणलं, राहू द्या आता. म्हणले, आज झालंच पाहिजे."

पेंटर काल गेले होते.

दुसऱ्या दिवशी दप्तरात पेंटरची नोंद मी माझ्या हातानं केली. संध्याकाळी घरी येऊन दुसरी वही काढली. त्रेसष्टावी ओळ, जिथं कागद पातळ झाला आहे. मयत: बैठक्या. वय: माहीत नाही. ठिकाण: सोनपेठ–परभणी एसटी. कारण: गळा दाबून. तारीख पेंटरच्या एक दिवस आधीची. ती मी दोनदा ताडून पाहिली.

'मारणारा' या रकान्यात पहिल्या ओळीला बैठक्याचं नाव आणि खाली एकसष्ट वेळा 'सदर' आहे. त्रेसष्टाव्या ओळीला सवयीनं पेन 'स'वर टेकलं होतं. ते उचललं आणि पेंटरचं पूर्ण नाव लिहिलं. शाईनं.